रुंदीकरणाने बाजारातली कोंडी सुटते का?

प्रश्न : फोंड्याच्या वरच्या बाजारात आमचे वडिलोपार्जित दुकान आहे. सकाळ-संध्याकाळ समोरचा रस्ता तुंबतो. दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटर रुंद केला तर सुटसुटीत होईल, असे काही जण म्हणतात. त्यात आमची पडवी जाईल. गेली तर गेली, पण कोंडी खरेच सुटणार का?
— एक दुकानदार, फोंडा (गोवा)

उत्तर : तेवढ्याने नाही सुटणार. रस्ते आखण्यातच माझी नोकरी गेली, आणि रुंदीकरणाची मागणी मी प्रत्येक गावात ऐकली आहे. रुंदी डोळ्यांना दिसते, म्हणून तिचीच मागणी होते.

रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत शहरातल्या दोन पदरी, दुतर्फा रस्त्याची क्षमता दिलेली आहे. दुकानांची दारे थेट रस्त्यावर नाहीत, कडेला गाडी उभी नाही, आडवी वाहतूक जेमतेम, अशा रस्त्यावरून तासाला १५०० मोटारींइतकी वाहतूक जाते. (स्कूटर, बस, ट्रक सगळ्यांचा हिशेब मोटारीच्या मापात करतात.) दारे रस्त्यावर आहेत पण गाड्या उभ्या नाहीत, तर १२००. दारेही आहेत, उभ्या गाड्याही आणि आडवी वाहतूकही भरपूर, म्हणजे तुमचा बाजार, तर ९००. डांबर तेवढेच, क्षमता मात्र साठ टक्क्यांवर. आता वाढवलेल्या दोन मीटरांत काय होईल ते तुम्हीच सांगा. एरवी गाड्या लागतील आणि चतुर्थीच्या आधी माटोळीवाले (गणपतीवर टांगायची फळे-पाने विकणारे) बसतील, नारळाच्या पेंडी नि सुपारीची शिपटी असे घड घेऊन. शिवाय आज तुमच्या पडवीतून उन्हापावसाचे चालणारे लोक उद्या गाड्यांच्या मधून चालतील. ती पडवी म्हणजे बाजारातला सर्वांत चांगला फूटपाथ आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरे, रस्ता मध्ये कितीही ऐसपैस करा, पुढचा चौक सोडेल तेवढ्याच गाड्या जाणार. सिग्नलचा हिशेब करताना चौकात येणाऱ्या बाजूच्या रुंदीला मीटरमागे ५२५ मोटारी धरतात. सात मीटरची बाजू असेल तर हिरव्या दिव्याच्या अख्ख्या तासाला ३६७५. पण हिरवा दिवा चाळीस टक्केच वेळ लागत असेल तर हातात राहतात १४७०. त्यातच चौकाच्या तोंडाशी बस थांबून प्रवासी घेऊ लागली की संपलेच. पैसे असतील तर आधी चौकाअलीकडचे पन्नासेक मीटर मोकळे करा. तिथे ना बसथांबा, ना रिक्षा, ना ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून लावलेली गाडी.

खरी गोम मात्र बाजारात नाहीच, ती गावाबाहेर वाढणाऱ्या वसाहतींत आहे. आपल्याकडे एखाद्या भाटाचे (बागायती जमिनीचे) प्लॉट पडतात, तेव्हा मुख्य रस्त्यापासून आत एक रस्ता काढतात आणि तो शेवटच्या प्लॉटपाशी संपवतात. शेजारच्या भाटाचेही तेच. मध्ये चिऱ्यांची भिंत. माझ्या ओळखीच्या एक बाई अशा भिंतीला लागून राहतात आणि त्यांची मुलगी भिंतीपलीकडच्या वसाहतीत. बाईंनी परसातून हाक मारली तर मुलगी ओ देते. पण तिला डबा पोचवायचा तर स्कूटर काढून मुख्य रस्त्यावर यायचे, उजवीकडे वळायचे आणि पुढे पुन्हा उजवीकडे आत शिरायचे. दोन्ही वळणे वाहतूक कापून! डबा, दूध, शिकवणी, देऊळ, सगळी कामे मुख्य रस्त्यावरूनच. मग तो तुंबतो, आणि दोष तुमच्या पडवीला.

म्हणून ओडीपीचा, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याचा, मसुदा हरकतींसाठी येईल तेव्हा कुठली जमीन कशासाठी हे दाखवणाऱ्या रंगांआधी त्यातले जोडरस्ते बघा. भाटे अजून मोकळी आहेत तोवर एका वसाहतीतून दुसरीत जाणारी वाट कागदावर राखून ठेवता येते. घरे उभी राहिल्यावर तीच वाट भूसंपादनात अडकते. जोड देताना शक्यतो तिठे करावेत. चौकात गाड्यांच्या वाटा ३२ ठिकाणी एकमेकींना भिडतात, तिठ्यावर फक्त ९ ठिकाणी. जिथे वसाहत झालीच आहे तिथे लोक भिंत पाडू देत नाहीत. दारातून परक्या गाड्या धावू लागतील ही त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. मग निदान चालणाऱ्याला आणि सायकलला जाता येईल एवढी दीड मीटरची फट ठेवा. त्या बाईंचे काम तेवढ्यात भागेल.

प्रश्न : म्हापशाला बाहेरून महामार्ग असूनही शुक्रवारी आम्ही अडकतोच. अजून एखादा बायपास हवा का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : शुक्रवारचे लोक बाजारालाच येतात हो. बाहेरून नेलात तर ते मिरच्या-चवरीस (गोव्याचे सॉसेज) कुठून घेणार? बायपास लागतो तो गावात काम नसलेल्या गाडीला. जानेवारी २०१९ मध्ये पणजीजवळ मांडवीवरच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले ते अशांसाठीच. पर्वरीकडून मेरशीकडे जाणाऱ्याला पणजीत उतरायचेच नसते.

तुमच्याकडे अशा गाड्या किती, हे कॉलेजची मुलेसुद्धा काढू शकतील. गावात शिरणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर दोघादोघांना वही देऊन बसवा. एकाने येणाऱ्या गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहायची, दुसऱ्याने जाणाऱ्या गाडीचे. संध्याकाळी वह्या ताडून पाहा. एका टोकाला शिरलेली गाडी गाव ओलांडायला लागतो तेवढ्याच वेळात दुसऱ्या टोकाला निघाली, तर ती बायपासची. तास-दोन तासांनी निघाली, तर तिला पार्किंगची जागा हवी आहे. मोजणी एका शुक्रवारी करा आणि एका मंगळवारीही. निव्वळ शुक्रवारच्या आकड्यांवर कोणी बायपास मागू लागला, तर त्याच्याकडे मंगळवारची वही मागा.