ब्रिटनमध्ये लोक आंदोलकांवर एवढे का चिडतात?
माझ्या मते तिथे जुन्या आंदोलनाचा अभिमान असतो, आणि चालू आंदोलन मात्र अनेकांना डोकेदुखी वाटतं. शिस्तीत रांग लावणं, आवाज न चढवणं हा तिथल्या लोकांच्या स्वतःबद्दलच्या कल्पनेचा भाग आहे. त्यामुळे रस्ता अडवणारा माणूस पटकन परका ठरतो.

एकच उदाहरण देतो. १९०८ साली मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांनी हाऊस ऑफ कॉमन्सच्या महिला गॅलरीतल्या जाळीला स्वतःला साखळ्यांनी जखडून घेतलं. त्यांना हलवायला शेवटी जाळीच काढावी लागली. आज त्या गॅलरीतल्या जाळ्या संसदेत जपून ठेवल्या आहेत. पण २०२३ च्या कायद्याने मोठा व्यत्यय येईल असं जखडून घेणं हा गुन्हा ठरवलाय.

हा कायदा लागू होऊन तीनच दिवस झाले होते. ६ मे २०२३ ला, चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाच्या सकाळी, राजेशाहीविरोधी कार्यकर्त्यांना अटक झाली. कारण काय, तर त्यांच्याकडे फलक बांधायचे पट्टे होते, आणि पोलिसांना ते जखडून घेण्याचं सामान वाटलं! पुढे कारवाई झाली नाही, पोलिसांनी खेदही व्यक्त केला. पण निदर्शनाची ती सकाळ तर हातातून गेलीच ना? मला हे फार लागतं.