दारू पीत नाही, तरी लिव्हरचा रिपोर्ट बिघडला कसा?

ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक म्हणून बसते, तिथं हा प्रश्न सारखा येतो: "मॅडम, म्या जिंदगीत दारूले हात नाही लावला. मंग लिव्हर खराब कसं?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांत आजाराच्या भीतीपेक्षा बदनामीची भीती जास्त असते. वर्धा जिल्ह्यात कागदावर दारूबंदी आहे, पण हातभट्टी गावोगावी मिळते. त्यामुळे कोणाचं लिव्हर बिघडलं की गाव दुसरा विचारच करत नाही.

असंच विचारणारा एक शेतकरी, चाळिशी ओलांडलेला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर एसजीपीटी ९२ आणि एसजीओटी ५८ आलं. दोन्ही साधारण ४० च्या आत असावेत, लॅबप्रमाणे थोडा फरक पडतो. सोबत आई आणि बायको होती. आई माझ्यासमोरच म्हणाली, "याचा बाप पेये, आता हा बी चोरून पेत असन." बायको काही बोलली नाही. घरात अबोला चालू होता, हे सांगावं लागलं नाही.

आधी मी तिघांना आकड्यांचा अर्थ सांगितला. एसजीपीटी आणि एसजीओटी ही पेशींच्या आतली द्रव्यं. पेशींना इजा झाली की ती रक्तात उतरतात. माठ पाझरतोय एवढं त्यावरून कळतं, कशानं पाझरतोय ते कळत नाही. लिव्हर काम करतंय का, हे बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याच्या तपासणीवरून पाहतात. याच्या या तिन्ही तपासण्या चांगल्या होत्या. म्हणजे "लिव्हर गेलं" हे गावातलं निदान चुकीचं होतं. दुसरं असं की दारूनं इजा झालेल्यांत बहुधा एसजीओटी जास्त असतं, पुष्कळदा एसजीपीटीच्या दुपटीनं. इथं उलटं होतं. एवढ्यावरून डॉक्टर काही ठरवत नाहीत, पण आईच्या चेहऱ्यावरचा ताण तेवढ्यानंही सैल झाला.

मग मी त्याला एकट्याला बसवून विचारलं, "भाऊ, गोळ्या-औषधं काय काय घेता?" तो म्हणाला, "काहीच नाही जी." हे उत्तर जवळजवळ प्रत्येक जण देतो, आणि खोटं बोलायचं म्हणून देत नाही. डॉक्टरनं लिहून दिलं तेच औषध, बाकी सगळं घरगुती, असं लोक धरून चालतात. म्हणून मी सांगते, घरी जे जे पोटात घेता ते पिशवीत भरून आणा. दुसऱ्या खेपेला त्यानं पिशवी टेबलावर उलटी केली. किराणा दुकानातून सुट्या घेतलेल्या अंगदुखीच्या गोळ्या, पॅरासिटामॉल ६५० चं अर्धं पाकीट, आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली तपकिरी पूड. गुडघ्यांसाठी बाजाराच्या दिवशी एका विक्रेत्याकडून घेतलेली, रोज दोन चमचे, कापूस वेचणीपासून चालू.

पॅरासिटामॉल प्रमाणात घेतलं तर सुरक्षित आहे. पण अंगदुखीच्या अनेक मिश्र गोळ्यांत तेच असतं, आणि दोन्ही मिळून दिवसाची ४ ग्रॅमची मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही. पुडीत काय होतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि मला तेच जास्त घातक वाटतं. अशा पुड्यांत कधी स्टिरॉइड, कधी जड धातू सापडलेले आहेत. झाडपाला म्हणजे निर्धोक, हा समजही सोडायला हवा. कोरोनाच्या काळात गुळवेल नेमानं घेणाऱ्या काही जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे.

डॉक्टरांनी पूड बंद करायला लावली. हिपॅटायटिस बी आणि सी च्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. या तपासण्या टाळू नका, दोन्ही आजार वर्षानुवर्षं काही त्रास न देता राहतात आणि सरकारी कार्यक्रमात उपचार मोफत आहेत. सोनोग्राफीत लिव्हरमध्ये चरबी दिसली, उपाशीपोटी साखर १४८, म्हणजे मधुमेहाइतकी वाढलेली निघाली. वजन ८२ किलो, सगळं पोटावर. न पिणाऱ्यांत सर्रास सापडणारं कारण हेच, फॅटी लिव्हर, आणि शेतात राबणाऱ्यालाही ते होतं.

मात्र सगळ्यांना हेच कारण लावू नये. आमच्याकडे सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार, पुष्कळ आहे. एका शाळकरी मुलीचे डोळे पिवळे म्हणून घरचे काविळीचं झाडपाल्याचं औषध देत होते. तिचं एसजीपीटी नॉर्मल होतं, फक्त इनडायरेक्ट बिलिरुबिन वाढलेलं. तांबड्या पेशी फुटत होत्या, लिव्हरचा दोषच नव्हता. डेंगी आणि स्क्रब टायफसच्या तापातही एसजीपीटी चढतं. एसजीओटी तर स्नायूंतही असतं, दिवसभर पोती वाहिलेल्या हमालाचं वाढलेलं निघू शकतं.

टीबीच्या काही गोळ्यांनीही लिव्हरला इजा होऊ शकते. त्या चालू असणाऱ्यांना मी कळकळीनं सांगते, रिपोर्ट थोडा वाढला म्हणून आपल्या मनानं गोळ्या सोडू नका. डॉक्टर साधारणपणे त्रास होत असेल तर मर्यादेच्या तिपटीवर आणि त्रास नसेल तर पाचपटीवर त्या थांबवतात. पण भूक मेली, उलट्या होऊ लागल्या, लघवी गडद पिवळी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोट फुगणं, रक्ताची उलटी, माणूस बरळायला लागणं, यात तर तासभरही घालवू नका.

आपल्या शेतकऱ्याला वजन सहा किलो उतरवायला सांगितलं, कारण सात टक्क्यांच्या पुढं वजन घटलं की लिव्हरची सूजही कमी होऊ लागते. चहातली साखर बायकोनं बंद केली, मधुमेहाच्या गोळ्यांची वेळही तीच सांभाळते. तीन महिन्यांनी एसजीपीटी ५४ आलं. किती पूड बंद केल्यामुळे उतरलं आणि किती वजनामुळे, हे वेगळं करता येत नाही. हर्नियाचं ऑपरेशन झालं. पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे, आणि आईनं स्वतःचीही साखर तपासून घेतली.