वाचकांचे प्रश्न : शरीरात यंत्र बसवायचे, पण त्याची किल्ली कोणाकडे?

गेल्या अंकात या सदरात मेंदूत बसवायच्या चिपविषयी एक छोटे टिपण आले होते आणि निरोगी माणसाने केवळ क्षमता वाढवण्यासाठी असे यंत्र बसवून घ्यावे का, असा प्रश्न त्याच्या शेवटी विचारला होता. त्यावर कोकणातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून नावे पत्रलेखकांच्या इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. आमच्या वाचनालयात आपले टिपण वाचले गेले आणि त्यावर तासभर वाद रंगला. तरुण मंडळी म्हणाली, मिळाली तर आजच बसवून घेऊ. आमच्या वयाचे बहुतेक जण म्हणाले, देवाने दिलेल्या देहात लोखंड घालायचे कशाला? गंमत अशी की, असे म्हणणाऱ्यांपैकी एकाच्या छातीत पेसमेकर आहे आणि माझ्यासह तिघांच्या डोळ्यांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बसवलेली लेन्स आहे. मग आमचा विरोध नेमका कशाला आहे? लोक अशी यंत्रे खरोखर स्वीकारतील, असे आपल्याला वाटते का? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : गुरुजी, आपण टिपलेली विसंगती केवळ वेंगुर्ल्याची नाही. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२१ मध्ये तेथील प्रौढांना हाच प्रश्न दोन अंगांनी विचारला होता. लुळ्या पडलेल्या माणसाला हालचाल करता यावी म्हणून मेंदूत चिप बसवायला ७७ टक्के लोक अनुकूल होते; मात्र विचार अधिक जलद आणि अचूक व्हावा म्हणून स्वतःच्या मेंदूत चिप हवी का, असे विचारल्यावर ७८ टक्के लोकांनी नको म्हटले. गेलेले परत मिळवायला माणूस सहज तयार होतो आणि मुळात नसलेले मिळवायला कचरतो. आपले पेसमेकरवाले स्नेही याच न्यायाने बोलत होते, त्यामुळे त्यांना ढोंगी म्हणता येणार नाही.

परंतु ही सीमारेषा एका जागी थांबत नाही. हॅरोल्ड रिडली या इंग्रज नेत्रतज्ज्ञाने २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनमधील सेंट थॉमस रुग्णालयात मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत अॅक्रिलिक या काचेसारख्या प्लास्टिकचे तुकडे घुसत आणि डोळा ते निमूटपणे सहन करतो, असे त्याच्या पाहण्यात आले होते, त्यावरून त्याने तेच द्रव्य निवडले. डोळ्यातून परकी वस्तू काढायची असते, घालायची नसते, असे म्हणत त्याच्याच व्यवसायबंधूंनी त्याला अनेक वर्षे कडाडून विरोध केला. आज तळकोकणातली एखादी आजी शिबिराच्या गाडीतून जाते, काळा चष्मा लावून घरी येते आणि चार दिवसांनी तांदूळ निवडायला बसते. आपल्या देहात काही अघटित घडले आहे, असे तिच्या मनातही येत नाही. त्यामुळे देवाने दिलेल्या देहाचा आक्षेप फार काळ टिकेल, असे मला वाटत नाही. उपयोग दिसला आणि शेजारच्या घरात कोणाला गुण आला की तो विरघळतो. देवळात कौल लावून शस्त्रक्रियेची तारीख ठरवणारी माणसे आपण आहोत, तेव्हा श्रद्धा आणि यंत्र एकाच घरात राहू शकतात, हे कोकणाला नव्याने सांगायला नको.

माझे नोकरीचे आयुष्य रुग्णालयांतील उपकरणांच्या देखभालीत गेले. त्यामुळे माझी नजर एकांगी असेल, पण मला प्रश्न दिसतो तो वेगळ्याच ठिकाणी. डोळ्यातल्या लेन्सला वीज लागत नाही, ती कोणाशी बोलत नाही आणि तिची कंपनी उद्या बुडाली तरी आजीला कळणारही नाही. पेसमेकरचे तसे नाही. १९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पूर्ण रोपित पेसमेकर बसवला, तो काही तासांतच बंद पडला. लार्सन मात्र २००१ पर्यंत जगले आणि तोवर त्यांचे वीसहून अधिक पेसमेकर बदलून झाले होते. आताच्या यंत्राची बॅटरी अनेक वर्षे पुरते, पण ती संपली की लहानशी का होईना पुन्हा शस्त्रक्रिया आली, आणि दरम्यान नियमित तपासणी आली. शिवाय ही यंत्रे आता बिनतारी झाली आहेत. २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुमारे ४,६५,००० पेसमेकरांच्या आज्ञावलीत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, दुरुस्ती करून घेण्यास सांगितले होते, कारण त्यातील त्रुटीमुळे कोणी बाहेरचा माणूस यंत्रात ढवळाढवळ करू शकला असता.

याहून बोलके उदाहरण आर्गस टू या कृत्रिम दृष्टिपटलाचे आहे. काही आनुवंशिक विकारांत दृष्टी गेलेल्यांसाठी डोळ्यात साठ इलेक्ट्रोड, म्हणजे विजेचे संकेत देणारी बारीक टोके, बसवून चष्म्यावरील कॅमेऱ्याचे चित्र त्यांच्याकडे पाठवायचे, अशी ही योजना होती आणि अमेरिकेत तिला २०१३ मध्ये मान्यता मिळाली. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांनी हे यंत्र बसवून घेतले. त्यांना दिसत होते ते प्रकाशाचे ठिपके आणि आकृत्यांच्या कडा, पण अंधारात इतकी वर्षे काढलेल्यांना तेवढेही मोलाचे होते. पुढे कंपनी आर्थिक अडचणीत आली, तिने या यंत्राचा नाद सोडला, आणि ज्यांच्या डोळ्यात ते होते त्यांना दुरुस्तीसाठी जायला जागा उरली नाही. यंत्र डोळ्यातच राहिले. आपल्या वाचनालयात पुन्हा वाद रंगला, तर देव आणि देह या मुद्द्यांच्या आधी ही हकिगत वाचून दाखवावी, अशी माझी विनंती आहे. लोक यंत्रे स्वीकारतील यात मला शंका नाही. कोणत्या करारावर स्वीकारतील, एवढेच पाहायचे आहे.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट, जी डॉक्टरही सांगायला विसरतात. पेसमेकर असलेल्या माणसाच्या निधनानंतर दहनापूर्वी तो काढून घ्यावा लागतो, कारण उष्णतेने त्याच्या बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. अशा व्यक्तीच्या घरच्यांना हे आधीच माहीत असलेले बरे.

प्रश्न : माझ्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हते. ती तीन वर्षांची असताना सरकारी योजनेतून तिला कॉक्लिअर इम्प्लांट बसवले. आता ती पहिलीत आहे, कविता म्हणते, भांडतेही. पण गणपतीला मुंबईहून आलेले नातेवाईक तिला ‘मशीनवाली’ म्हणतात आणि मला ते सहन होत नाही. त्यातच पावसाळ्यात यंत्र सारखे बंद पडते आणि दर वेळी मुंबई गाठावी लागते. आमचे काही चुकले का? (एक आई, दापोली तालुका)

उत्तर : ताई, आपले काहीही चुकलेले नाही. बोलणे शिकण्याचे वय फार लवकर निघून जाते, त्या वयात मुलीच्या कानाशी आवाज पोहोचवला गेला आणि ती आज भांडते, यातच उत्तर आले. चाकरमान्यांना एकदा शांतपणे सांगा की, त्यांच्या नाकावरचा चष्मा जे करतो तेच हे यंत्र करते, फक्त त्याचा मार्ग थोडा लांबचा आहे. कानामागच्या प्रोसेसरमधील मायक्रोफोन आवाज टिपतो, प्रोसेसर त्याचे संकेतांत रूपांतर करतो, केसांत लोहचुंबकाने चिकटणारी चकती ते संकेत कातडीपलीकडच्या भागाला देते आणि तेथून शंखासारख्या अंतर्कर्णात सरकवलेली बारीक इलेक्ट्रोडांची तार श्रवणतंतूंना चेतवते. निसर्गाने या कामाला हजारो केसपेशी दिल्या आहेत, यंत्रात इलेक्ट्रोड असतात साधारण बारा ते बावीस. एवढ्या अपुऱ्या सामग्रीतून भाषा उभी करण्याचे काम मुलीचा मेंदू करतो, आणि त्याला शिकवण्याचे काम वाणी-उपचार करणाऱ्या शिक्षिकेने आणि आपण केलेले असते. जगातील काही कर्णबधिर समाज या यंत्राकडे लादलेली दुरुस्ती म्हणून पाहतात आणि सांकेतिक भाषेचा आग्रह धरतात, त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे; मुलीला थोड्या खुणांची ओळख करून दिलीत, तर यंत्र काढून ठेवलेल्या वेळी, आंघोळीला किंवा रात्री, तिच्याशी बोलता येईल.

आता पावसाळ्याचे पाहू, कारण आपली खरी अडचण ती आहे. शहरात बसून लिहिलेल्या माहितीपुस्तिकेत खाऱ्या, दमट हवेचा उल्लेख असतो एका ओळीत, आणि आपल्याकडे मात्र जूनपासून भिंतीसुद्धा ओलावतात. प्रोसेसरची बॅटरी काढून तिच्या बारीक पत्र्या उजेडात पाहा. त्यांवर हिरवट किंवा पांढुरका थर दिसला, तर घाम आणि ओल आत शिरली आहे असे समजावे. तो नखाने किंवा पिनेने खरवडू नये, कोरड्या मऊ कापडाने पुसून तंत्रज्ञाला दाखवावा. रोज रात्री प्रोसेसर पुसून, ओल शोषणाऱ्या गोळ्या असलेल्या बंद डब्यात ठेवावा आणि गोळ्यांचा रंग बदलला की त्या बदलाव्यात. झिंक-एअर प्रकारच्या, एकदाच वापरायच्या बॅटऱ्या असतील तर त्या मात्र त्या डब्यात ठेवू नयेत, त्या आतून सुकतात. मुलगी आवाज येत नाही म्हणाली, की आधी बॅटरी बदलून पाहा, मग चकतीला जोडणारी तार बदलून पाहा. बहुतेक वेळा दोष या तारेतच निघतो, म्हणून एक जादा तार पहिल्या पावसाच्या आधी घरात असावी. मुंबईच्या निम्म्या खेपा तेवढ्याने वाचाव्यात. जून २०२० मधील निसर्ग वादळानंतर आपल्या भागात वीज किती दिवस नव्हती, हे मी आपल्याला सांगायला नको. प्रोसेसर चार्जिंगच्या बॅटरीवर चालत असेल, तर त्याला एकदा वापरायच्या बॅटऱ्यांचा जोड मिळतो का, हे अवश्य विचारून ठेवा.

हमीची मुदत संपल्यावर खर्च कोण करणार, हा प्रश्न आपण पत्रात विचारलेला नाही, पण तो येणार आहे. आतला भाग दीर्घकाळ टिकतो, बाहेरचा प्रोसेसर काही वर्षांनी जुना होतो आणि त्याचे सुटे भाग मिळेनासे होतात. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतील इम्प्लांटचे काम वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेमार्फत पाहिले जाते, तेथे आतापासूनच लेखी विचारणा करून ठेवावी. यंत्र बसवताना समारंभ होतो, छायाचित्रे निघतात. पाच वर्षांनंतरच्या तारेसाठी कोणी हार घेऊन येत नाही, हा माझा नोकरीतला जुना राग आहे.

प्रश्न : आमची हर्णैला बोट आहे. खलाशी मिळत नाहीत, मिळाले तर कमरेने जायबंदी होतात. अंगावर चढवायचा यांत्रिक सांगाडा असतो आणि त्याने दुप्पट वजन उचलता येते, असे भाच्याने मोबाईलवर दाखवले. बोटीवर चालेल का? (एक नाखवा)

उत्तर : बोटीवर तरी नको. या सांगाड्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एकात फक्त स्प्रिंग आणि पट्टे असतात, ते वाकताना पाठीवरचा भार थोडा मांड्यांवर घेतात. दुसऱ्यात मोटारी आणि बॅटरी असते. दोन्ही सपाट, कोरड्या जमिनीवर काम करण्यासाठी केलेले आहेत. हलत्या, ओल्या डेकवर पट्टा जाळ्यात किंवा विंचच्या दोरात अडकला, अथवा तो घातलेला माणूस पाण्यात गेला, तर काय होईल हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. बंदरावर बर्फ आणि मासळीचे क्रेट चढवताना पहिला प्रकार उपयोगी पडू शकेल, तोही घालून पाहिल्यावर ज्याला सोसेल त्याला.

हा सांगाडा संध्याकाळी काढून खुंटीला टांगता येतो, म्हणून मला तो शरीरातल्या यंत्रांपेक्षा बरा वाटतो. पण तो नाखव्याने आणायचा आणि खलाशाने घालायचा असेल, तर खलाशाची इच्छा किती आणि नाइलाज किती, हे कसे ठरवायचे? सांगाडा घातलेला माणूस जास्त क्रेट उचलू लागला की तेवढे क्रेट हाच सर्वांचा हिशेब होतो, आणि ज्याला तो घालायचा नाही त्याला पुढच्या हंगामात कोणी बोलावत नाही. क्षमता वाढवणारी यंत्रे माणसे आपणहून निवडतील का, याची चर्चा करताना हे बहुधा विसरले जाते. दुसरे असे की, इंजिन घेताना आपण सुटे भाग कुठे मिळतात आणि मिस्त्री कोण, हे आधी विचारता. बोटीला १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते, तेव्हा ते खोलून दुरुस्त करता येते. अंगावरच्या किंवा अंगातल्या यंत्राविषयी तेच प्रश्न विचारा, फक्त शरीराला बंदीचा काळ नसतो हे लक्षात ठेवून. आणि खलाशांच्या कमरेचाच प्रश्न असेल, तर क्रेट लहान करणे आणि चढवायला एक माणूस वाढवणे, हा उपाय स्वस्त आहे.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. स्मरणशक्ती वाढवणारी चिप मिळाली तर मी नक्की बसवून घेईन. आपण बसवाल का? (एक विद्यार्थी, चिपळूण)

उत्तर : नाही बसवणार. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक कंपनीने आपले यंत्र पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत बसवले. ६४ अतिसूक्ष्म तंतूंवर १,०२४ इलेक्ट्रोड, असे ते यंत्र आहे. मानेखाली संवेदना आणि हालचाल गमावलेल्या तरुणाला केवळ मनाने संगणकावरचा बाण हलवता आला, बुद्धिबळ खेळता आले, हे फार मोठे काम आहे. काही आठवड्यांतच त्यातले बरेचसे तंतू मेंदूतून मागे सरकले आणि कंपनीने आज्ञावली बदलून यंत्र सावरून घेतले. त्याच्या जागी मी असतो तर हा धोका पत्करला असता. धडधाकट मेंदूला, कवटीला भोक पाडून, ज्याचे सुटे भाग आणि आज्ञावली दोन्ही एकाच कंपनीच्या हाती आहेत असे यंत्र मी जोडणार नाही. त्या यंत्राने मेंदूतले संकेत वाचले जातात. त्यात इतिहासाच्या सनावळ्या भरता येत नाहीत. परीक्षेसाठी स्मरणशक्ती वाढवणारी कोणतीही चिप आज विकत मिळत नाही, तेव्हा तशी जाहिरात कोणी आपल्या मोबाईलवर पाठवली, तर आगाऊ रक्कम भरू नका.