ब्रेक सिरॅमिक की स्टील? आधी गाडी कुठे पळणार ते सांग

रविवारी पहाटे ताम्हिणी, बाकी आठवडा बाणेर-हिंजवडीची रखडपट्टी, एवढंच असेल तर डोळे झाकून स्टील घे मित्रा. (म्हणतात स्टील, पण डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती, असते बहुधा ओतीव लोखंडाची.) कार्बन सिरॅमिक हलकं, तापलं तरी पकड सोडत नाही, पण त्याचं चीज रेस ट्रॅकवर. आणि डिस्क बदलायची तर बिल लाखांत. पंक्चरवाल्याकडे चाक काढताना रिम डिस्कच्या कडेला आपटली, टवका उडाला, की बसा!

नवखे चुकतात ते इथे:
- ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलत नाहीत. ते ओल धरतं, घाटात उकळतं, पेडल थेट तळाला.
- उतारावर ब्रेक दाबूनच बसतात. गिअर खाली टाक.

ब्रेक पॅडचे (डिस्कला चिमटा घेतात ते) प्रकार नंतर बघू.