बस्ता बांधायला आलेली माणसं कुठे बसतील?

प्रिय मुली,

नव्या दुकानाच्या सजावटीसाठी चित्रं आणि नमुने मांडून केलेला तुझा मूडबोर्ड दोनदा नीट पाहिला. पुण्यातलं तीन मजली दुकान, खाली घड्याळं आणि अत्तरं, वर पैठण्या आणि लग्नाचं कापड. क्लायंटचं म्हणणं, ‘आपल्या मातीतलं वाटलं पाहिजे, पण एकदम लक्झरी.’ तू वाड्याची कमान घेतलीस, एमडीएफवर, म्हणजे भुशाच्या दाबलेल्या फळीवर, लेझरने कापलेली वारली माणसं घेतलीस, जिन्याच्या भिंतीवर भलीमोठी नथ घेतलीस. मेहनत दिसते. पण त्या अख्ख्या बोर्डावर खरेदीला आलेला माणूस एकही नाही, आणि मला त्याबद्दलच बोलायचंय.

सुरुवातीच्या वर्षांत मीही असंच एक दुकान केलं होतं. सागवानी विनिअर, महिरपी, पितळी हंड्या. साड्यांच्या विभागात काचेचे उंच काउंटर आणि पुढे उंच गोल स्टुलं. उद्घाटनाला सगळ्यांनी कौतुक केलं. लग्नसराईत सहज डोकावले, तर बस्त्याला एक कुटुंब आलेलं, पंधरा-सोळा माणसं. नवरीच्या आजीला स्टुलावर चढता येईना, म्हणून ती शोकेसच्या चौथऱ्यावर पुतळ्याच्या पायाशी टेकलेली. काउंटरवर उलगडलेला पदर काचेवरून घसरून जमिनीला लागत होता. शेवटी मालकाने गोदामातून गादी आणवली, कोपऱ्यात घातली, वर पांढरी चादर. पुढचा सगळा बस्ता त्या कोपऱ्यात झाला. घरी जाताना मला फार लागलं ते.

गादी नुसती जुनी पद्धत म्हणून टिकलेली नाही. पाचवारी साडी जवळजवळ साडेपाच मीटर लांब, नऊवारी आठ मीटरच्या वर. ती एका झटक्यात उलगडायची तर सपाट, मऊ आणि रुंद जागा लागते. काउंटर त्यासाठी नसतो. पांढऱ्या चादरीवर रंग खरा दिसतो आणि चादरीवरून परतलेला उजेड कापडाच्या खालच्या अंगालाही पोचतो. पैठणीला ते फार महत्त्वाचं, कारण जाणती बाई पदर उलटा करून बघतेच. हातमागाची पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी असते. मागे धागे लोंबताना दिसले की तिचा हात थांबतो.

गादी जशीच्या तशी जमिनीवर मात्र घालू नकोस. आता गुडघे ऐकत नाहीत. कट्टा कर, सोळा ते अठरा इंच उंच आणि किमान सहा फूट खोल. विकणारा वर मांडी घालून बसेल, घेणारे ओट्यावर बसतात तसे कडेला पाय सोडून बसतील. कडेला काही ठिकाणी हात टेकायला लाकडी कठडा दे, म्हातारी माणसं त्याच्या आधाराने उठतील. गादीवर जायचं तर चप्पल निघणार, तेव्हा चपलांची जागाही ड्रॉइंगमध्येच हवी.

हा पेच फक्त आपला नाही. टोकियोच्या मित्सुकोशी या बहुमजली दुकानाचं मूळ १६७३ सालच्या एका किमोनोच्या दुकानात आहे. तिथे गिऱ्हाईक चटईवर बसायचं आणि नोकर आतून कापड आणून पुढे मांडायचे. पुढे काचेची कपाटं आली, १९२३च्या भूकंपानंतर जोडे घालूनच आत जायची पद्धत रुळली. चटई गेली, पण आजही निहोनबाशीच्या त्या दुकानात मधल्या चौकात उभं राहिलं की १९६० साली बसवलेली, हिनोकी या जपानी सायप्रसच्या लाकडात कोरलेली, सुमारे ११ मीटर उंचीची देवकन्या समोर येते. एकच गोष्ट, तीही मनापासून केलेली. बाकी दुकान शांत. तुझ्या बोर्डावर अशा बारा गोष्टी एकमेकींशी भांडताहेत.

आता उजेड. यावर सगळ्यात जास्त वेळ घाल. बायका साडी घेऊन दुकानाच्या दारापर्यंत जातात, ते तू पाहिलं असशील. त्यांचा दिव्यांवर विश्वास नसतो आणि तो नसतो हे बरोबर आहे. पैठणीत ताणा, म्हणजे उभे धागे, एका रंगाचा आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाव दिसते, कापड हललं की रंग बदलतो. डोक्यावरून थेट मारलेल्या स्पॉटलाइटखाली तो खेळ मरतो आणि जरीचा नुसता चकचकाट उरतो. पहिल्या मजल्यावर उत्तरेकडची खिडकी तू जाहिरातीच्या पॅनेलने बंद केलीस. ती उघड. तिथे आरसा लाव आणि मागे दहा माणसं उभी राहतील एवढी जागा सोड, कारण साडीचा निर्णय ट्रायल रूममध्ये एकटीने होत नाही, मावशी-काकू-आत्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतो. पदर डाव्या खांद्यावर येतो, म्हणून उजेडही तिच्या डाव्या अंगाने, तिरका येऊ दे. दिवे सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९०च्या वरचेच घे. ३००० केल्विन (पिवळसर) आणि ४००० केल्विन (पांढरट) असे दोन सर्किट वेगळे ठेव, म्हणजे लग्नाच्या हॉलमधल्या रात्रीच्या उजेडात आणि दिवसा मांडवात साडी कशी दिसेल हे तिथेच कळेल.

वारलीबद्दल जरा कडक बोलते. वारल्यांच्या लग्नात सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. ते पूजेचं चित्र आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर आणली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, म्हणून ती आज तुझ्या-माझ्यापर्यंत पोचली. त्या चित्रांतली माणसं इंटरनेटवरून उचलून ट्रायल रूमच्या दारावर चिकटवायची नाहीत. हवीच असतील तर डहाणू-जव्हारकडच्या चित्रकाराला बोलाव, विषय त्याला ठरवू दे, पैसे पूर्ण दे, भिंतीवर त्याचं नाव येऊ दे. नाहीतर सोड.

त्यापेक्षा कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा. मठारकाम करताना हातोडीचा एकेक ठोका तांब्याच्या पत्र्याला बळकटी देतो, आणि प्रत्येक खळगा उजेड वेगळा परतवतो. गादीवरच्या दिव्यांची झाकणं तिथून करून घे. विश्रामबागवाड्यातही एक दुपार काढ. चौकातला उजेड आत सरकता सरकता कसा मऊ होतो ते बघ. कमान नको, ते घे. उंबरा मात्र अजिबात नको, लोक अडखळतील. तीन मजल्यांतून चौक उघडा ठेवणार असशील तर आग लागल्यास धूर त्यातून वर चढतो, तेव्हा अग्निसुरक्षेच्या सल्लागाराबरोबर पहिल्याच आठवड्यात बस.

आणि देव्हारा. तू काढलेला नाहीस. मालक उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सुताराला बोलावून रिसेप्शनच्या मागे प्लायवूडची फळी ठोकणार, त्यावर गणपती आणि लक्ष्मीची तसबीर, आणि उदबत्तीने स्मोक डिटेक्टर वाजणार. गल्ल्याजवळ आधीच एक सुंदर कोनाडा काढ, पाषाणाचा, आत दिव्यासाठी जागा, वर धूर जायला वाट, डिटेक्टर लांब. संध्याकाळी तिथे दिवा लागेल तेव्हा तुझं दुकान खरं वाटेल.

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतील. लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या दुकानदाराची परवानगी काढ आणि रविवारभर कोपऱ्यात वही घेऊन बस. किती माणसं आली, कोण कुठे टेकलं, पोरं कुठे कंटाळली, साडी किती वेळा दारापर्यंत गेली, सगळं लिही. ती वही घेऊन ये, मग पहिल्या मजल्याचा प्लॅन आपण दोघी मिळून नव्याने काढू.