कोरियन मालिकेतले सगळे चेहरे सारखेच का वाटतात?
दोष डोळ्यांचा नाही, सवयीचा. आपल्या सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीतही मावसभाऊ लांबून ओळखू येतो. कोरियन मालिकेत मात्र नायक कोणता न् त्याचा मित्र कोणता, हे तिसऱ्या भागापर्यंत कळत नाही (माझं तरी असंच झालं). मेंदूत चेहऱ्यांसाठी खास भाग असतो, १९९७ साली मेंदूसंशोधक नॅन्सी कॅनविशर यांनी तो दाखवून दिला. लहानपणी जे चेहरे रोज दिसतात, त्यांच्याच बारकाव्यांत आपण तरबेज होतो. गंमत म्हणजे, लहानपणी युरोपात दत्तक गेलेल्या कोरियन मुलांना मोठेपणी युरोपीय चेहरेच जास्त नीट ओळखता आले! म्हणजे हे रक्तात नसतं. २००८ च्या एका प्रयोगात तर पाश्चात्त्य लोकांची नजर डोळ्यांवर-तोंडावर जास्त होती, पूर्व आशियाईंची नाकाभोवती. अजून चार मालिका बघा, फरक पडेल.