एफडी मोडून वॉल हंग कमोड? थांबा जरा

नेरूळच्या एका ताईंनी विचारलंय, सिडकोचं जुनं वन बीएचके आहे, ४ बाय ६ चं बाथरूम नवीन करायचंय, ९५ हजारांचं कोटेशन आलंय, दीड लाखाची एफडी ५ महिन्यांनी मॅच्युअर होतेय, ती मोडू की कार्डवर ईएमआय करू?

ताई, दोन्ही नको. कार्डाचे १६ टक्के धरले तरी वर्षभरात साडेआठ हजारांच्या आसपास व्याज, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दहा हजारांना चुना. एफडी मोडली तर बँका सहसा अर्धा-एक टक्का दंड कापतात आणि व्याजही जितके दिवस ठेवली तितक्याच मुदतीच्या रेटने देतात. त्यापेक्षा त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर लागतील तेवढे पैसे उचलायचे, रेट एफडीपेक्षा साधारण १-२ टक्के जास्त असतो, वापराल तेवढ्यावरच व्याज, मॅच्युअर झाली की फेडून मोकळं.

पण मला खरं खटकलं ते कोटेशन. वॉल हंग म्हणजे भिंतीला टांगलेला कमोड आणि त्याची भिंतीत लपवलेली कन्सील्ड टाकी ३२ हजार, टेबलटॉप बेसिन आणि ग्रॅनाइट २१, आणि वॉटरप्रूफिंगला फक्त ८! अहो भिंत ४ इंची असेल तर टाकी आत मावतच नाही, पुढे दुसरी भिंत उभी करावी लागते, म्हणजे जागा वाचवायला आणलेला कमोडच पाच-सहा इंच खाणार. शिवाय जुन्या पॉटचा पाइप खाली स्लॅबमधून जात असेल तर लाइन फिरवायचा खर्च वेगळा. साधा जमिनीवरचा घ्या, ३/६ लिटर ड्युअल फ्लशवाला (कमी-जास्त पाण्याची दोन बटणं), फक्त भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतचं माप आधी काढा. मी ठाण्यात माझ्या घरी ९ इंच असताना १२ चा उचलून आणलेला, दुकानदार परत घेईना, दोन महिने पॉट बाल्कनीत तुळशीशेजारी, बायको अजून ऐकवते.

बेसिन १८ बाय १२ चं भिंतीवरचं बास. पेपर त्या मापात कापून भिंतीला चिकटवा आणि दार उघडून बघा अडतंय का.

वाचलेले पैसे वॉटरप्रूफिंग आणि नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीवरचं पाणी जिथून जातं ते जाळीखालचं भांडं) घाला, टाइल्सच्या आधी ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्यांना छत बघायला सांगा. आणि हो, सोसायटीत रिडेव्हलपमेंटला बिल्डर ठरत आला असेल तर यातलं बाकी काहीच करू नका, फक्त लीकेज बंद करा, पॉट बदला, एफडीला हात पण लावू नका.